छतावरचं ऊन

एप्रिलमध्ये सोलापुरात नवी पेठेत एका दुकानात पंखा घ्यायला गेले होते. बाहेर रस्त्यावरून नुसत्या झळा, आत गर्दी, आणि एसीच्या काउंटरला एक कुटुंब बसलेलं. नवरा-बायको आणि सोबत त्याची म्हातारी आई, डोक्यावरून पदर घेतलेली, मुठीत घामानं ओला झालेला रुमाल. दुकानदारानं त्यांना एकच प्रश्न विचारला, "टॉप फ्लोर का?" मुलगा हो म्हणाला. "मग दीड टनानं भागणार नाही साहेब, वरनं स्लॅब तापतो, दोनच घ्या." मुलानं लगेच हप्ता किती बसतो ते विचारलं. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "वरनं ऊन पडलालंय म्हणून मोठा घ्यायचा, तर आधी वरच काहीतरी घाल की रे." मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आई, तू बस गं." चिडून नाही हं, अगदी मायेनं. ती बसली गप्प, सुनेनं तिला पाण्याची बाटली दिली, दोन टनाचं बिल झालं आणि ते गेले.

ते एक वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

मुलगा चुकला असं मला अजिबात वाटत नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि तिथंच ठिय्या देतो, त्यात वय झालेलं, बीपीच्या गोळ्या चालू, अशा माणसाला उकाडा नुसता त्रास देत नाही, जिवावर उठतो. आईसाठी हप्त्यावर एसी घेणाऱ्या माणसाला कुणी चैन करतो म्हणू नये. पण म्हातारी जे बोलली त्यात गणित होतं, आणि दुकानातल्या कुणीच ते मांडून बघितलं नाही. मी घरी येऊन मांडलं. भर दुपारी उन्हात एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट इतकी उष्णता पडते. दहा बाय बाराची खोली म्हणजे अकरा चौरस मीटरचं छत, म्हणजे डोक्यावर अकरा हजार वॅट. एक टनाचा एसी खोलीतली साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर फेकतो, दोन टनाचा सात हजार. आता वर पडलेलं सगळंच काही आत येत नाही, थोडं परत जातं, बरंच वारा घेऊन जातो, पण आपल्याकडचे स्लॅब धुळीनं आणि वाळलेल्या शेवाळानं इतके काळपट झालेले असतात की निम्म्याहून खूप जास्त ऊन ते पिऊन टाकतात. ताजा चुना मारलेलं छत त्यातलं सत्तर टक्क्यांच्या वर सरळ आभाळात परत पाठवतं. म्हणजे म्हातारीला जे सुचलं ते मशीनच्या साइजएवढंच महत्त्वाचं होतं, आणि त्याचा हप्ता नव्हता.

आमचं जुनं घर साखर पेठेत, माळवदाचं. शाळेतून दुपारी आलं की उंबऱ्याच्या आत पाय टाकल्यावर काही क्षण काहीच दिसायचं नाही इतका आत अंधार, आणि मग पायाखालच्या शहाबादी फरशीचा गारवा तळव्यातून वर चढायचा. भिंती अडीच-तीन फुटांच्या, वर सागवानी तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. खिडक्या लहान, छताला मधोमध एक झरोका, त्यातून उन्हाची तिरीप यायची आणि तिच्यात कापसाची बारीक लव तरंगताना दिसायची, कारण सोप्यात आजोबांचा खड्ड्याचा माग होता. माग खड्ड्यात का, तर जमिनीच्या ओलाव्यानं सूत तुटत नाही, कोरड्या हवेत सुती धागा पटकन तुटतो. मागासाठी जपलेला तो ओलावा आम्हा पोरांनाही मिळायचा, मागाशेजारी पोतं टाकून झोपायला भांडणं व्हायची. दुपारी नऊवारीचा पदर ओला करून आजी डोक्यावर घ्यायची आणि बिनघोर शेंगा निवडत बसायची. मातीचा जाड थर दुपारचं ऊन दहा-बारा तास नुसतं धरून ठेवतो, ते खाली उतरेपर्यंत रात्र झालेली असते, आणि तोवर आम्ही सगळे वर माळवदावर अंथरूण टाकून उघड्या आभाळाखाली झोपलेलो असायचो. आपली हवा कोरडी, उन्हाळ्यात आभाळ स्वच्छ, त्यामुळं रात्री सगळं भराभर निवतं. दुपारच्या आणि पहाटेच्या तापमानात पंधरा-पंधरा अंशांचा फरक पडतो इथं. पहाटे चादर ओढून घ्यावी लागायची, भर मे महिन्यात.

हे सगळं आठवलं की माझे डोळे भरून येतात, पण त्या घराबद्दल गोड गोडच बोलायचं असेल तर ते खोटं होईल. पावसाळ्यात माळवद गळायचं, ताटात माती पडायची, दरवर्षी वर नवीन माती चढवून ती धुम्मसानं ठोकून बसवावी लागायची, आणि तुळयांच्या सांदीत विंचू असायचे. आणि मग १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबरची पहाट, पावणेचार-चारच्या सुमाराला, गावोगाव गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले. सोलापुरात आमची भांडी वाजली, सगळी पेठ रस्त्यावर आली. लातूर-उस्मानाबादकडं हजारो माणसं गेली, आणि ती ज्याच्याखाली गेली ते हेच होतं, जाड दगडमातीच्या भिंती आणि वर्षानुवर्षं थरावर थर चढवून जड झालेलं माळवद. उन्हाळाभर ज्या जाडीनं गारवा दिला त्याच जाडीखाली घरंच्या घरं गाडली गेली. त्या दिवसापासून वडील माळवदाखाली नीट झोपले नाहीत. आजोबा गेल्यावर त्यांनी ते उतरवलं आणि स्लॅब टाकला. त्या स्लॅबच्या पहिल्याच उन्हाळ्यात आजी म्हणाली होती, "आता जीव वाचल, पण झोप गेली." तिचं दोन्ही खरं होतं.

म्हणून "जुनी घरंच बरी होती" असं कुणी म्हणलं की मला ते ऐकवत नाही. स्लॅब आपण हौसेनं नाही, भीतीनं आणि शहाणपणानं स्वीकारला. हलका, मजबूत, लोखंडानं बांधलेला. फक्त त्याच्यात माळवदाची एक गोष्ट नाही, तो ऊन थोपवत नाही. चार-पाच इंचाचा काँक्रीटचा थर दुपारी तापतो आणि तीन-चार तासांनी ते सगळं खोलीत सोडायला लागतो. बाहेर संध्याकाळी सातला वारं सुटलेलं असतं, लोक सिद्धेश्वर तलावाकडं फिरायला निघालेले असतात, आणि टॉप फ्लोरला नेमकी तेव्हाच भट्टी पेटते. पंखा लावला की छताजवळची तीच गरम हवा अंगावर येते. जुळे सोलापुरात, विजापूर रोडला, होटगी रोडला वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा, रात्री अकराला भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते का नाही.

आम्हीही वरच्याच मजल्यावर राहतो. गेल्या पाडव्याच्या आधी सोसायटीची परवानगी काढून आमच्या डोक्यावरच्या तेवढ्या गच्चीला चुना मारून घेतला. रंगारी मामा भवानी पेठेतले, घरी तेलुगू बोलणारे, चुन्याचं त्यांना रक्तातलं कळतं. तयार पुडीचा चुना त्यांना चालत नाही, कळीचा चुना आणला, पत्र्याच्या ड्रमात टाकून वरून पाणी ओतलं तसा तो फसफसायला लागला, ड्रम इतका तापला की हात लावून देईनात. "रातभर गप ठेवायचा ताई, सकाळी गाळायचा." सकाळी जुन्या धोतरातून गाळून घेतला, त्यात पांढरं सिमेंट आणि फेविकॉल घातलं, दह्याइतका दाट ठेवला. गच्ची आधी खरवडून झाडून घेतली, मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाणी मारून ओल्यावर पहिला हात कुंच्यानं. उन्हात मारलं तर चुना वाळतो, धरत नाही, म्हणून संध्याकाळच. दुसऱ्या दिवशी आडवा हात, तिसऱ्या दिवशी परत उभा. सगळा खर्च धरून एसीच्या एका हप्त्याएवढाही झाला नाही.

नंतर एका दुपारी दोनच्या सुमाराला मी चप्पल काढून वर उभी राहिले. पांढऱ्या भागात पाय टेकवून आरामात उभं राहता येत होतं, गरम होतं पण सोसवणारं. एक पाऊल पलीकडं, सोसायटीच्या करड्या स्लॅबवर टाकलं आणि झटक्यात उचललं. मध्ये कुंच्याची एक वाकडी रेघ, बाकी काही नाही. खाली खोलीत फरक दोन-तीन अंशांचा पडतो, ऐकायला कमी वाटेल, पण रात्री पंख्याखाली झोप लागते का नाही हे त्या दोन-तीन अंशांवरच ठरतं. त्रासही सांगते. दुपारी त्या पांढऱ्यावर नजर ठरत नाही, समोरच्या उंच बिल्डिंगवाल्यांना चकाकी जाते, आपल्याकडची धूळ बसून तो मळतो, आणि एका पावसाळ्यात निम्मा धुऊन जातो, म्हणजे दरवर्षी परत करणं आलं. ज्यांना जमेल त्यांनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करावं, ते वर्षानुवर्षं टिकतं आणि गळतीही थांबवतं.

खिडक्यांचंही तेच. पश्चिमेच्या खिडकीला आतून कितीही जाड पडदा लावा, काचेतून ऊन आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि तो खोली तापवतो. तीच सावली काचेच्या बाहेर धरली, शेडनेट म्हणा, बांबूची चटई म्हणा, नाहीतर नुसतं गोणपाट, तर ऊन बाहेरच राहतं. सांगोला-मंगळवेढ्याकडं जाताना उन्हाळ्यात डाळिंबाच्या बागा पांढऱ्या कापडानं झाकलेल्या दिसतात, फळाला चट्टे पडू नयेत म्हणून. शेतकरी झाड थंड करायला जात नाही, उन्हाला अडवतो. आणि सकाळी नऊच्या आत खिडक्या बंद, रात्री सगळ्या सताड उघड्या, हे आपल्या कोरड्या गावाला जितकं लागू पडतं तितकं मुंबईला कधीच पडणार नाही.

थंडीचं बघा ना. सोलापुरात हिटर कुणाच्या घरी असतो? सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत रात्री फिरून आलं की हुडहुडी भरते, जानेवारीत पहाटे बऱ्यापैकी गारठा असतो, पण आपण खोली गरम करत नाही, चादर घेतो. जाड सुती जेकार्डची चादर, अंगातली ऊब अंगापाशीच धरून ठेवते, एक पैशाची वीज नाही. आपल्या गावानं अख्ख्या देशाला ही चादर दिली. उन्हाळ्यात चादरीचं काम पंखा करतो. पंखा खोली थंड करत नाही, रिकाम्या खोलीत चालू ठेवला तर मोटारीच्या उष्णतेनं उलट थोडी गरमच करेल, तो माणसाला थंड करतो, अंगावरचा घाम वाळवून. म्हणून त्या दिवशी मी पंखा घ्यायला गेले होते, बीएलडीसीचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, जुना सत्तर-पंच्याहत्तर वॅट खायचा, हा तीस वॅटच्या आसपास. एसी असला तरी तो सव्वीस-सत्तावीसवर ठेवून वर पंखा लावला की तेवीस-चोविसाइतकंच बरं वाटतं. सेटिंग एक अंश वर नेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं म्हणणं आहे, आणि २०२० पासून नवीन एसी मुळात चोवीसवरच सुरू होतात. तरी लोक पहिलं काम काय करतात, तर अठरावर नेतात. खोली त्यानं लवकर थंड होत नाही, मशीन फक्त जास्त वेळ पळत राहतं.

आणि कूलर. आपल्या हवेला कूलरइतकं योग्य दुसरं काही नाही हे मी ठामपणे म्हणते. एक लिटर पाणी वाळताना हवेतली जवळपास दोन-तृतीयांश युनिट इतकी उष्णता ओढून घेतं, विजेवर फक्त पंखा आणि छोटा पंप चालतो, दीडशे-दोनशे वॅटमध्ये काम. समोरची खिडकी मात्र उघडी हवी, नाहीतर खोलीतच दमट होतं आणि मग लोक म्हणतात कूलर चिकचिक करतो. वाळ्याचा पडदा लावला तर तो वास, पहिल्या पावसाच्याही आधीचा... पण कूलरला पाणी लागतं, आणि सोलापुरात नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते मी तुम्हाला काय सांगू. पाण्याच्या दिवशी घरातली टीपं, कळशा, पिंपं भरताना कूलरचा नंबर शेवटचा. बोअरचं पाणी घातलं तर क्षार साचून कूलरचं गवत महिन्यात पांढरं आणि कडक होतं. तेव्हा वाटतं, नको हा पाण्याचा जाच, एसीच बरा, त्याला पाणी तरी लागत नाही.

पण तेही पुरतं खरं नाही. सोलापूरजवळ फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे, दोन संच, कोळसा जाळून वाफ करणारे, आणि त्याला पाणी येतं आपल्या नळाला येतं त्याच उजनी धरणातून. तिथली वीज ग्रिडमध्ये जाते, नेमकी माझ्याच बटणाशी येते असं नाही, पण कोळशाच्या प्रत्येक युनिटमागं कुठल्यातरी धरणाचं पाणी वाफ होऊन उडून जातं. म्हणजे कूलरमध्ये मी पाणी डोळ्यांनी बघते आणि जपून वापरते, एसीचं पाणी दुसरीकडं कुठंतरी उडतं आणि मला दिसत नाही. म्हणून मला सारखं वाटत राहतं की गारवा कशानं करायचा हा प्रश्न दुसरा. आत उष्णता येऊच किती द्यायची, हा पहिला. आत आलेली उष्णता बाहेर काढायला वीज लागते, पाणी लागतं, पैसे लागतात. वरच अडवलेली उष्णता काढावी लागत नाही.

आणि एसीनं काढलेली ती उष्णता जाते कुठं हेही बघायला हवं. मे महिन्यात रात्री आमच्या मागच्या बोळातून चालत जा, दोन्ही बाजूंनी आउटडोअर युनिटं भणभणत असतात, त्या बोळात बाहेरच्या रस्त्यापेक्षा उकाडा जास्त. त्याच बोळाच्या टोकाला पत्र्याची चार घरं आहेत. तिथल्या बायका विड्या वळतात, दुपारी सुपात तेंदूची पानं, आणि पंखा लावता येत नाही कारण तंबाखू उडते. पुरुष यंत्रमागावर, तिथंही सुताचं कारण सांगून पंखा नाही. पत्र्याखाली दुपारी काय होतं ते पत्र्याखाली बसल्याशिवाय कळत नाही, स्लॅब निदान तीन-चार तास दम धरतो, पत्रा लगेच तापतो. तिथल्या एका अव्वांनी पत्र्यावर कडबा पसरून वर गोणपाट बांधलंय, कडब्याला आग लागायची भीती असते म्हणून दुपारी त्या त्याच्यावर पाणी शिंपडतात. पाणी नसतं त्या दिवशी नाही. माझ्या मते पांढरं छत सगळ्यात आधी कुणाला द्यायचं असेल तर ते यांना, पत्र्याला नुसता पांढरा रंग मारला तरी लगेच फरक पडतो.

घराच्या छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा आपल्याकडं कागदावर आहे. २०१८ च्या डिसेंबरात केंद्रानं इको-निवास संहिता काढली, निवासी इमारतींसाठी, त्यात छताचा आकडा १.२ वॅटच्या आत हवा असं म्हणलंय, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून तेवढीच उष्णता यावी. नुसता उघडा स्लॅब त्याच्या दुपटीहून जास्त सोडतो. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं, सरकारी इमारतींना ते बंधनकारक केलं. अर्ध्या सोलापूरचे सोयरे तिकडं आहेत, लग्नाकार्याला जातो तेव्हा साड्यांचे भाव विचारतो तसं हेही विचारून यायला हवं. कुंभारीला रे नगरमध्ये तीस हजार घरांचा प्रकल्प झाला, त्यातली पंधरा हजार घरं २०२४ च्या जानेवारीत कामगारांच्या हातात पडली. एका गावात एका दमात एवढी छतं उभी राहतात तेव्हा छताचा रंग हा बारीकसारीक विषय राहत नाही.

सध्या मी आमच्या सोसायटीच्या मागं लागलेय, सगळी गच्ची पांढरी करूया म्हणून. तळमजल्यावरच्या काकांचं म्हणणं, "ऊन तुमच्या डोक्यावर, खर्च आमच्या खिशातून का?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांना म्हणलं, काका, मे महिन्यात रात्री सगळ्यांचे एसी एकदम चालू झाले की डीपी उडते आणि मग तुमचाही पंखा बंद पडतो का नाही? त्यावर ते नुसतेच हसले. मग टाक्यांचं काढलं. गच्चीवर आमच्या चार काळ्या टाक्या उन्हात उभ्या आहेत, दुपारी बाराला कुठल्याही मजल्यावरचा नळ सोडा, हात भाजतो. काकूंना दुपारी भांडी घासायला पाणी बादलीत काढून निववून घ्यावं लागतं. टाक्यांना पांढरा रंग आणि वर शेडनेटचा मांडव, खर्च सगळ्यांत वाटून, हे काकांना लगेच पटलं, मांडवाला बांबू मी आणतो म्हणाले. हिवाळ्यात मांडव काढून ठेवायचा, तेव्हा कोमट पाणी हवंच असतं, आणि सोलर हीटरची जागा तशीच उघडी सोडायची.

गच्चीचं अजून ठरलेलं नाही. रंगारी मामांना विचारून ठेवलंय, टाक्यांना लावायला येतील तेव्हा उरलेल्या गच्चीचं मापही घेऊन जातील, मिटिंगमध्ये नेमका आकडा ठेवला की बोलणं पुढं सरकतं. डाव्या बाजूच्या वरच्या फ्लॅटमधल्या वहिनी त्यांच्या वाट्याचे पैसे द्यायला तयार आहेत, म्हणजे निदान एक तुकडा तरी अजून पांढरा होईल, आणि चुन्याची कळी यंदा मार्चच्या आधीच आणून ठेवायची आहे कारण पाडवा जवळ आला की मामा मिळत नाहीत.